पेशंट ज्या राज्यात, कायदा त्या राज्याचा: अमेरिकेतल्या स्पीच थेरपिस्ट आणि ऑडिओलॉजिस्ट मंडळींसाठी आंतरराज्य कॉम्पॅक्टची वाट

नॉर्थ कॅरोलायनात शार्लटला राहणारा सात वर्षांचा एक मराठी मुलगा बोलताना अडखळतो, असं समजा. शाळेत इंग्रजी बोलताना अडखळतो आणि घरी आजीशी मराठी बोलतानाही. कुठल्या भाषेत किती, कुठल्या शब्दांवर, हे दोन्ही भाषा जाणणारा कानच नीट सांगू शकतो. अशी मराठी स्पीच थेरपिस्ट आहे, पण ती ओहायोत, कोलंबसला. व्हिडिओ कॉलवर दोघांची गाठ घालून देणं अगदी सोपं. तरीही नॉर्थ कॅरोलायनाची परवानगी नसेल तर तिनं या मुलाला तपासायचं नाही, कारण उपचार कुठे झाले हे मूल कुठे बसलंय त्यावर ठरतं, थेरपिस्ट कुठे बसली आहे त्यावर नाही.

ही अडचण सुटावी म्हणून ऑडिओलॉजी अँड स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजी इंटरस्टेट कॉम्पॅक्ट हा करार झाला. त्याचा फायदा घ्यायचा असेल तर काय काय करावं लागतं ते इथे क्रमानं सांगते. आपल्या भाषेतल्या मुलांना आणि म्हाताऱ्या माणसांना त्यांच्याच भाषेत तपासणारं माणूस मिळावं, ही माझी मनापासूनची इच्छा आहे, म्हणून हे जरा सविस्तर लिहिते आहे.

आधी हा करार काय आहे ते

अमेरिकेत व्यवसायाचं लायसन्स देणं हा राज्याचा अधिकार. वॉशिंग्टनमधलं केंद्र सरकार त्यात नसतं. आशा, म्हणजे अमेरिकन स्पीच-लँग्वेज-हिअरिंग असोसिएशन, जे सी.सी.सी. प्रमाणपत्र देते ते देशभर मानलं जातं, पण ते लायसन्स नव्हे. लायसन्स प्रत्येक राज्याचं बोर्ड देतं आणि त्या राज्याच्या हद्दीपुरतंच देतं.

राज्यांनी आपापसांत कायदेशीर करार करण्याची पद्धत अमेरिकेत जुनी आहे. त्याचा उल्लेख राज्यघटनेच्या पहिल्याच कलमात आहे, आणि न्यूयॉर्क-न्यूजर्सीची पोर्ट ऑथॉरिटी 1921 साली अशाच करारातून उभी राहिली. आपल्या व्यवसायाच्या कराराचा मसुदा आशा आणि कौन्सिल ऑफ स्टेट गव्हर्नमेंट्स यांनी मिळून घडवला. 10 राज्यांनी तोच मजकूर आपल्या विधानसभेत संमत केला की तो लागू व्हायचा होता, आणि तो आकडा 2021 मध्ये पूर्ण झाला. आता 30 हून अधिक राज्यं त्यात आहेत. कारभार पाहायला एक आयोग आहे आणि त्यावर प्रत्येक राज्याचे 2 प्रतिनिधी असतात: एक ऑडिओलॉजिस्ट (श्रवणतज्ज्ञ), एक स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजिस्ट, म्हणजेच स्पीच थेरपिस्ट.

नर्सच्या कॉम्पॅक्टशी मात्र याची गल्लत करू नका. तिथे एकच बहुराज्यीय लायसन्स मिळतं आणि ते सगळ्या सदस्य राज्यांत चालतं. आपल्याकडे तसं नाही. तुमच्या मुक्कामाच्या राज्याचं लायसन्स हा पाया, आणि त्याच्या जोरावर दुसऱ्या प्रत्येक राज्यासाठी वेगळं 'प्रिव्हिलेज टू प्रॅक्टिस', म्हणजे तिथे काम करण्याची परवानगी, घ्यायचं. तीन राज्यांत पेशंट असतील तर तीन प्रिव्हिलेज. घरातल्या नर्स वहिनीनं किंवा मैत्रिणीनं "एकदा फॉर्म भर, झालं" असं सांगितलं तर ते तिच्या व्यवसायापुरतं खरं आहे.

पहिली पायरी: तुमचं होम स्टेट नक्की कोणतं?

होम स्टेट म्हणजे तुम्ही मुख्यतः राहता ते राज्य. नोकरी जिथे आहे ते नव्हे. ओहायो नदीच्या दोन्ही काठांवर हे रोज घडतं: घर केंटकीतल्या कव्हिंग्टनला, हॉस्पिटल पूल ओलांडून सिनसिनाटीला. अशा थेरपिस्टकडे नोकरीमुळे ओहायोचं लायसन्स असतं. कॉम्पॅक्टसाठी मात्र तिचं होम स्टेट केंटकी. म्हणजे आधी केंटकीचं लायसन्स, मग त्यावर हव्या त्या राज्यांची प्रिव्हिलेज. राहण्याचा पुरावा म्हणून ड्रायव्हिंग लायसन्स, मतदार नोंदणी किंवा टॅक्स रिटर्नवरचा पत्ता यांसारखे कागद एकमेकांशी जुळते ठेवा. नवऱ्याची किंवा बायकोची नोकरी एका राज्यात आणि तुमची दुसऱ्यात असेल तर हा विचार आधीच करा.

आता कॉम्पॅक्टच्या अधिकृत संकेतस्थळावरचा नकाशा पाहा आणि त्यात दोन वेगळ्या गोष्टी शोधा. राज्यानं कायदा केला आहे का, ही एक. राज्य प्रत्यक्ष प्रिव्हिलेज देतं का, ही दुसरी. या दोन्हींमध्ये बराच काळ जाऊ शकतो. कायदा झाल्यावर राज्याला एफ.बी.आय.कडून बोटांच्या ठशांची तपासणी करून घेण्याची सोय उभारावी लागते, बोर्डाची माहिती सामायिक यंत्रणेला जोडावी लागते, नियम करावे लागतात. तुमचं होम स्टेट आणि पेशंटचं राज्य, दोन्ही तयार असतील तरच पुढे जाता येतं. नुसतं "आमचं राज्य कॉम्पॅक्टमध्ये आहे" या भरवशावर कुणाला अपॉइंटमेंट देऊ नका.

तुमचं होम स्टेट करारात नसेल तर कॉम्पॅक्टचं दार तुमच्यासाठी बंद आहे, शेजारच्या सदस्य राज्याचं लायसन्स हातात असलं तरीही. 2024 संपेपर्यंत कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्क या दोन्ही राज्यांनी हा कायदा केलेला नव्हता, आणि आपली माणसं तिथे किती आहेत हे सांगायला नको. त्यांना हव्या त्या राज्याचं स्वतंत्र लायसन्स जुन्या पद्धतीनं घेता येतं. तो मार्ग करारानं बंद केलेला नाही.

दुसरी पायरी: पात्रता, आणि भारतातली पदवी

स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजिस्टसाठी मास्टर्स पदवी, देखरेखीखालचं क्लिनिकल प्रॅक्टिकम (शिकताना पेशंटबरोबर केलेलं प्रत्यक्ष काम), पदवीनंतरचा देखरेखीखालचा अनुभव, राष्ट्रीय परीक्षा आणि कुठलंही बंधन नसलेलं चालू लायसन्स लागतं. राष्ट्रीय परीक्षा म्हणजे बहुतेकांच्या ओळखीची प्रॅक्सिस. पदवीनंतरचा अनुभव पूर्ण झालेला हवा, म्हणून क्लिनिकल फेलोशिप चालू असलेल्यांना थांबावं लागेल. असिस्टंट या करारात येत नाहीत.

ऑडिओलॉजिस्टच्या बाबतीत तारीख महत्त्वाची. 31 डिसेंबर 2007 पर्यंत पदवी घेतली असेल तर मास्टर्स चालते. 1 जानेवारी 2008 पासून डॉक्टरेट लागते, म्हणजे बहुतेकांसाठी ए.यू.डी. ही ऑडिओलॉजीतली डॉक्टरेट. प्रॅक्टिकम, परीक्षा आणि चालू लायसन्स या अटी इथेही आहेत.

दोघांनाही लागू असलेली आणखी एक अट: ऑडिओलॉजी किंवा स्पीच थेरपीच्या कामाशी संबंधित गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेलं नसावं. शिवाय सोशल सिक्युरिटी नंबर किंवा एन.पी.आय., म्हणजे आरोग्यसेवा देणाऱ्यांना मिळणारा राष्ट्रीय ओळख क्रमांक, लागतो.

आता आपल्याकडच्या पदव्यांचं. मुंबईतल्या बांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेतून, नायर हॉस्पिटलमधून किंवा म्हैसूरच्या अखिल भारतीय वाक् श्रवण संस्थेतून शिकून आलेले बरेच जण अमेरिकेत काम करतात. करारात परदेशी पदवीसाठी स्वतंत्र तरतूद आहे. तिच्या दोन अटी आहेत. त्या देशातल्या अधिकृत संस्थेची संबंधित अभ्यासक्रमाला आणि शिक्षणसंस्थेला मान्यता हवी. आणि अमेरिकेतल्या स्वतंत्र मूल्यमापन संस्थेनं तो अभ्यासक्रम इथल्या मान्य अभ्यासक्रमाच्या तोडीचा आहे असं लिहून द्यायला हवं.

भारतातली चार वर्षांची बी.ए.एस.एल.पी., म्हणजे ऑडिओलॉजी आणि स्पीच थेरपीची पदवी, कितीही भरीव असली तरी ती बॅचलर्स आहे. स्पीच थेरपीसाठी तिच्यापुढे मास्टर्स लागतेच. एम.एस्सी. ऑडिओलॉजी करून 2008 नंतर बाहेर पडलेल्यांची अडचण जास्त मोठी आहे, कारण तुलना थेट डॉक्टरेटशी होते. तोडीचा निर्णय मूल्यमापन संस्था देते, आपण गृहीत धरायचा नाही. भारतात असतानाच एक काम करून ठेवा: अभ्यासक्रमाचा विषयवार तपशील, तासांची संख्या आणि प्रॅक्टिकमची नोंद विद्यापीठाच्या सही-शिक्क्यासह घ्या. दहा वर्षांनी इथून ईमेल पाठवून हे कागद मिळवणं फार जिकिरीचं होतं. विभागप्रमुख निवृत्त झालेले असतात आणि जुनी रजिस्टरं कुठल्या कपाटात आहेत हे कुणाला ठाऊक नसतं.

तुमच्याकडे आधीच होम स्टेटचं पूर्ण लायसन्स असेल तर यातला बराच भाग होऊन गेलेला आहे. तरी लायसन्स मिळालं म्हणजे कॉम्पॅक्टच्या अटी आपोआप पूर्ण झाल्या असं मानू नका. राज्याच्या जुन्या नियमांखाली, वेगळ्या अटींवर लायसन्स मिळालेली माणसं आहेत. बोर्डाला एक ओळीचा प्रश्न विचारा: "माझं लायसन्स कॉम्पॅक्टसाठी पात्र आहे का?" उत्तर लेखी घ्या.

तिसरी पायरी: नाव जुळवा

ही पायरी मराठी माणसांसाठीच लिहिते आहे, कारण अमेरिकन मार्गदर्शक पुस्तिकांत ती सापडणार नाही.

आपलं मधलं नाव वडिलांचं असतं, लग्नानंतर नवऱ्याचं होतं. पासपोर्टवर ते 'गिव्हन नेम'च्या रकान्यात जातं. सोशल सिक्युरिटी कार्डावर मधलं नाव म्हणून येतं किंवा गायब होतं. पदवीच्या प्रमाणपत्रावर माहेरचं आडनाव, लायसन्सवर सासरचं. भारतातल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी छापलेलं. स्पेलिंगमध्ये एखादं अक्षर कमी-जास्त. कॉम्पॅक्टच्या यंत्रणेत तुमची ओळख बोर्डाकडून आलेल्या नोंदीशी पटवली जाते, म्हणून सगळ्यात आधी होम स्टेटच्या बोर्डाकडे तुमचं नाव, जन्मतारीख, पत्ता आणि ईमेल नेमकं कसं नोंदलंय ते पाहा. चूक असेल तर ती बोर्डाकडे दुरुस्त करून घ्या. अर्जात तेवढं बरोबर लिहून काम भागत नाही, कारण मूळ नोंद बोर्डाची. नाव बदलल्याचा पुरावा, मग तो विवाह नोंदणीचा दाखला असो की गॅझेटची प्रत, स्कॅन करून हाताशी ठेवा. गॅझेट मराठीत असेल तर प्रमाणित भाषांतरही करून घ्या.

चौथी पायरी: अर्ज, पैसे आणि अर्जाची वेळ

कॉम्पॅक्टकनेक्ट या ऑनलाइन यंत्रणेतून अर्ज करायचा. ही यंत्रणा ऑक्युपेशनल थेरपी आणि समुपदेशन या व्यवसायांचे कॉम्पॅक्टही वापरतात. तिथे खातं उघडायचं, होम स्टेटचं लायसन्स दिसतंय याची खात्री करायची, राज्य निवडायचं, विचारलेल्या गोष्टींची कबुली द्यायची आणि पैसे भरायचे. शुल्काचे दोन भाग असतात, आयोगाचा आणि त्या राज्याचा. राज्याचा भाग राज्यागणिक बदलतो.

पैसे भरण्याआधी होम स्टेटच्या लायसन्सची मुदत बघा. प्रिव्हिलेजची मुदत तुमच्या मूळ लायसन्सबरोबरच संपते. लायसन्स दोन महिन्यांत संपत असेल तर आज घेतलेलं प्रिव्हिलेजही दोनच महिने चालेल. अशा वेळी आधी लायसन्सचं नूतनीकरण करा, मग राज्य निवडा. पेशंट ताबडतोब बघायचा असेल तर गोष्ट वेगळी. नूतनीकरणासाठी लागणारे कंटिन्युइंग एज्युकेशनचे तास शेवटच्या महिन्यावर टाकू नका, कारण होम स्टेटचं लायसन्स लटकलं की सगळ्या राज्यांतलं काम एका दिवसात थांबतं.

आणखी एक सल्ला. पेशंटच्या राज्याचं स्वतंत्र लायसन्स आधीपासून तुमच्याकडे असेल तर प्रिव्हिलेज हातात येईपर्यंत ते संपू देऊ नका. अधल्यामधल्या दिवसांत घेतलेलं सेशन हे विनापरवाना काम ठरतं.

अर्जात खरंच लिहा. गेल्या 2 वर्षांत कुठल्याही लायसन्सवर कारवाई झाली असेल तर प्रिव्हिलेज मिळत नाही. जुनी कारवाई असेल तर बोर्डाच्या आदेशाची प्रत घेऊन बोला, लपवू नका. राज्यांची माहिती एकाच ठिकाणी जमा होते.

पाचवी पायरी: पहिल्या सेशनच्या आधी

प्रिव्हिलेज मिळालं की तुम्ही त्या राज्यापुरत्या तिथल्या कायद्याखाली येता. टेलिप्रॅक्टिसलाही, म्हणजे व्हिडिओ कॉलवरच्या उपचारांनाही, हेच लागू. संमतीपत्र कसं घ्यायचं, नोंदी किती वर्षं ठेवायच्या, असिस्टंटवर देखरेख कशी करायची, मुलावर अत्याचाराचा संशय आला तर कुणाला कळवायचं, या सगळ्यांची उत्तरं पेशंटच्या राज्यात शोधायची. त्या राज्याचा प्रॅक्टिस अ‍ॅक्ट आणि बोर्डाचे नियम एकदा शांतपणे बसून वाचा. काम कंटाळवाणं आहे, पण आईवडील विश्वासानं मूल आपल्यासमोर बसवतात, तेव्हा एवढं वाचन आपण त्यांचं देणं लागतो.

प्रत्येक सेशनच्या सुरुवातीला विचारा, "आज तुम्ही कुठे आहात?" आणि उत्तर नोंदीत लिहा. आपल्या कुटुंबांत हा प्रश्न फार कामाचा आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत मूल काकाकडे कॅलिफोर्नियाला जातं, गणपतीत सगळे दुसऱ्या राज्यातल्या मित्रांकडे जमतात, कॉलेजसाठी मुलगी जॉर्जियातून न्यूयॉर्कला जाते. पेशंट तोच, लॅपटॉप तोच, पण त्या दिवसाचा कायदा वेगळा. प्रवासाच्या काळातली सेशनं पुढे ढकला आणि घरी करायचा सराव आधीच लिहून द्या. कॉलेजला निघालेल्या मुलांसाठी नव्या राज्यातली थेरपिस्ट दोन-तीन महिने आधीच शोधायला लागा, म्हणजे नव्या जागी पहिल्याच सेमिस्टरला त्यांची थेरपी तुटणार नाही.

प्रिव्हिलेजमधून काय मिळत नाही, हेही ध्यानात ठेवा. मेडिकेड (कमी उत्पन्न असलेल्यांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) आणि खासगी विमा कंपन्यांची नोंदणी वेगळी करावी लागते. प्रिव्हिलेज आलं म्हणून क्लेम मंजूर होत नाहीत. अनेक राज्यांत शाळेत काम करायला शिक्षण खात्याचं वेगळं प्रमाणपत्र लागतं. श्रवणयंत्रं विकण्यासाठी आणि बसवण्यासाठी काही राज्यांत निराळे नियम आहेत, ते ऑडिओलॉजिस्टनी त्या राज्याच्या बोर्डाकडून लेखी विचारून घ्यावेत. व्यावसायिक जबाबदारीचा विमा त्या राज्यातल्या कामाला आणि टेलिप्रॅक्टिसला लागू आहे ना, हेही विमा कंपनीला विचारा.

एच-1बी वर असलेल्यांनी हे विशेष जपावं. प्रिव्हिलेज ही व्यवसायाची परवानगी आहे, नोकरीची नाही. तुमचा व्हिसा ज्या मालकाशी बांधलेला आहे त्याच्या कामाबाहेर संध्याकाळी खासगी पेशंट घेता येत नाहीत, मग प्रिव्हिलेज कितीही राज्यांची असोत. मालकाच्याच पेशंटसाठी दुसऱ्या राज्यात टेलिप्रॅक्टिस करायची असेल तरी आधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारून घ्या.

घर बदलताना

एका सदस्य राज्यातून दुसऱ्या सदस्य राज्यात राहायला जात असाल तर होम स्टेट बदलतं. कॉम्पॅक्टसाठी एका वेळी एकच होम स्टेट लायसन्स असतं. नव्या राज्याकडे अर्ज हलण्याआधीही करता येतो, पण तिथे राहायला आल्याचा पुरावा दिल्याशिवाय ते लायसन्स देत नाहीत. ते मिळालं की जुन्या राज्याचं निष्क्रिय होतं. जुन्या गावातले पेशंट पुढेही बघायचे असतील तर त्या राज्याचं प्रिव्हिलेज नव्या लायसन्सवर घ्यावं लागेल. घरसामानाच्या यादीत ही ओळ सगळ्यात वर लिहा.

सदस्य राज्यातून करारात नसलेल्या राज्यात गेलात तर जुनं लायसन्स फक्त त्या जुन्या राज्यापुरतं उरतं आणि त्यावरची बाकीची प्रिव्हिलेज संपतात. बदलीचा विचार चालू असेल तर हे आधी मोजा. दुसऱ्या राज्यांतले दहा-बारा पेशंट असतील तर त्यांची सोय लावायला वेळ लागतो.

सैन्यात कार्यरत असलेल्यांना आणि त्यांच्या जोडीदारांना सवलत आहे. जिथे चांगल्या स्थितीत लायसन्स आहे ते राज्य होम स्टेट म्हणून निवडता येतं आणि सेवेच्या काळात बदली झाली तरी ते टिकतं.

तक्रार झाली तर

पेशंटचं राज्य तुमचं तिथलं प्रिव्हिलेज काढून घेऊ शकतं, चौकशी करू शकतं, दंड करू शकतं. मूळ लायसन्सवर कारवाई मात्र फक्त होम स्टेट करू शकतं. होम स्टेटनं लायसन्सवर बंधन घातलं तर सगळ्या राज्यांतली प्रिव्हिलेज जातात, आणि बंधन उठून कारवाईच्या तारखेपासून 2 वर्षं झाल्याशिवाय परत मिळत नाहीत. करारात नसलेल्या एखाद्या राज्यानं तुमच्यावर कारवाई केली तर ते आयोगाला 30 दिवसांत कळवायचं असतं. बोर्डाचं पत्र आलं की उत्तर देण्याआधी विमा कंपनीला कळवा. बऱ्याच पॉलिसींत वकिलाची तरतूद असते.

भारतातून आणि भारताकडे

पुण्यात बसून अमेरिकेतल्या मराठी मुलांना शिकवण्याची विचारणा अनेकांना होते. पालकांची निकड खरी आहे, पण नियम तोच: मूल ज्या राज्यात, परवानगी त्या राज्याची. भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी तिथे चालत नाही, आणि अमेरिकेतल्या सदस्य राज्यात राहत नसल्यानं कॉम्पॅक्टचाही उपयोग नाही. अमेरिकेतली परवानाधारक थेरपिस्ट उपचार करत असताना तिला मराठीच्या व्याकरणाबद्दल, उच्चारांबद्दल सल्ला देणं हे वेगळं काम आहे, आणि त्याची गरज फार मोठी आहे. पालकांशी बोलताना तुमची ही भूमिका स्वच्छ सांगा.

उलट दिशेलाही तसंच. भारतात 1992 च्या कायद्यानुसार पुनर्वास परिषदेच्या नोंदवहीत नाव असल्याशिवाय हा व्यवसाय करता येत नाही. ती नोंदणी मात्र एकदा झाली की देशभर चालते. कोल्हापूरच्या थेरपिस्टला पणजीतला पेशंट बघायला दुसरा कागद लागत नाही. तेव्हा पक्षाघातानंतर वाचा गेलेल्या नाशिकच्या आजोबांसाठी तुमचं अमेरिकन लायसन्स उपयोगी पडणार नाही. जुनी भारतीय नोंदणी असेल तर तिची मुदत तपासा आणि नूतनीकरण करा. नसेल तर नाशिकमधल्याच नोंदणीकृत थेरपिस्टकडे त्यांचं नाव घाला, आणि तिनं दिलेला सराव रोज संध्याकाळी फोनवर आजोबांकडून करून घ्या. तेवढ्यासाठी नातीला कुणाचाही परवाना लागत नाही.